क्रियापदं मास्तरांची, नामं बाईंची

तक्ता कापला गेला तेव्हा सूनबाई घरात नव्हती. असती, तर तिनं कात्रीच हिसकावून घेतली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण ती संध्याकाळच्या वर्गावर शिकवायला गेली होती आणि इकडे मास्तरांच्या हातात कात्री अन् समोर कागद, असं दोन्ही एकाच वेळी आलं. अशा वेळी मास्तर फार विचार करत बसत नसत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं गणवेश शिवायचं दुकान होतं. पाटीवर नाव एकट्या मास्तरांचं असलं तरी दुकान दोघांचं होतं. मास्तर कापायचे आणि मास्तरीणबाई शिवायच्या. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी इतकी पक्की होती, की मास्तरांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर ते बाई मोकळ्या होईपर्यंत छातीवर हात धरून बसत, आणि बाईंना साधं दोऱ्याचं टोक कापायचं झालं तरी त्या ते दातांनी तोडत. कात्रीला हात लावत नसत.

एके काळी दुकानात चार मशिनं खडखडत. मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि एकेक कारागीर निघून गेला. आता बाईंचं मशीन तेवढं चालू होतं. उरलेल्या तिन्हींवर जुन्या चादरी होत्या आणि त्यातल्या एका चादरीवर मांजर होतं. मुलानं या परिस्थितीचा नीट अभ्यास करून तोडगा काढला होता. नव्या मॉलमध्ये पँटची उंची कमी करून द्यायला माणूस हवा होता, तिथं बाबांनी जावं. आणि आईनं आता घरी आराम करावा.

"आराम?" मास्तरीणबाईंनी हा शब्द डॉक्टरनं सांगितलेल्या आजारासारखा उच्चारला होता. "आणि हे तिकडे, मी इकडे?"

"अगं आई, मॉलमध्ये एसी आहे."

"यांना सर्दी होते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशिनाचं चाक इतक्या जोरात फिरवलं, की मांजर उठून गेलं. बाईंशिवाय दुसऱ्या कुणासाठी कापायचं या कल्पनेनं मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यापर्यंत काही मोठं काम आलं नाही, तर मुलाचं ऐकायचं असं ठरलं.

आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहत असलेल्या मोठ्या हॉटेलातून एक परदेशी मॅडम आल्या. त्यांच्या जाकिटाचं अस्तर उसवलं होतं. बाईंनी ते उभ्या उभ्या शिवून दिलं. मॅडमनी जाकीट उलटं करून टाके पाहिले, चष्मा लावून पुन्हा पाहिले आणि एक कार्ड ठेवून गेल्या. कार्ड सूनबाईनं वाचलं आणि ती खुर्चीतून उठलीच.

"बाबा, या हॉटेलच्या खरेदीप्रमुख आहेत! वेटर, दरवान, साफसफाईवाले, सगळ्यांचे गणवेश शिवून घ्यायचेत त्यांना. आधी फोनवर बोलणार, मग नमुन्याचा कोट घेऊन बोलावणार."

"बोलणार कशात?"

"इंग्रजीत. त्यांना दुसरं येत नाही."

"आणि आम्हाला तेवढंच येत नाही," मास्तर म्हणाले. "झालं ना मग."

"मी येते की बोलायला."

"नको. गिऱ्हाईक आणि आपण यांच्यात तिसरं माणूस उभं राहिलं की माप चुकतं." मास्तरांचा हा जुना नियम होता. "तू आम्हाला शिकव."

सूनबाईनं बँकेतल्या साहेबांना, विमा विकणाऱ्यांना आणि एका दातांच्या डॉक्टरला इंग्रजी शिकवलं होतं. तिची पद्धत साधी होती. सुटे शब्द पाठ करायचे नाहीत. इंग्रज माणूस बोलताना शब्द सुटे वापरत नाही, जोडीनं वापरतो. अमुक क्रियापदाबरोबर अमुकच नाम जातं. मेक डिसिजन, टेक मेजरमेंट, पे अटेन्शन. का, ते विचारायचं नाही. जोडी तोडायची नाही. एवढ्या जोड्या तोंडात बसल्या की माणूस वेळ मारून नेतो. तिनं एक लांबरुंद तक्ता केला. डावीकडे क्रियापदं, उजवीकडे प्रत्येकासमोर त्याची नामं.

मास्तरांनी तक्ता टेबलावर पसरला, वरून हात फिरवला आणि खडूनं मधोमध रेघ मारली.

"हे बघ," ते बाईंना म्हणाले, "हे सगळं एका डोक्यात मावणार नाही. डावं माझं, उजवं तुझं. मी सुरुवात करीन, तू पुरं करायचंस. कोट करतो तसं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. वेळ पडली तर मास्तरांना विरोध करणाऱ्या बाईंनाही यात वावगं काही दिसलं नाही. कर्रकन कात्री चालली. मास्तरांचा अर्धा तक्ता कापायच्या टेबलावर लागला आणि बाईंचा अर्धा मशिनासमोरच्या भिंतीवर.

सूनबाई परत आली आणि दारातच तिनं कपाळावर हात मारला.

"अहो बाबा! वाक्याचे असे दोन तुकडे करत नाहीत!"

"अगं, सदऱ्याचे आधी दहा तुकडे होतात," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुकडे केल्याशिवाय जोडणार काय?"

दातांच्या डॉक्टरनं सूनबाईला असला प्रश्न कधी विचारला नव्हता.

आणि गंमत अशी, की पद्धत चालली. टेबलावरून मास्तर "टेक!" म्हणून आवाज द्यायचे आणि मशिनावरून "मेजरमेंट!" असं उत्तर यायचं. "कीप!" "प्रॉमिस!" "मीट!" "डेडलाइन!" कापडाचे तुकडे इकडून तिकडे जावेत तसे शब्द जाऊ लागले. गल्लीतले लोक थांबून ऐकत. समोरच्या सायकलवाल्याला तर इतका नाद लागला, की पंक्चर काढता काढता तोही मधेच "अटेन्शन!" म्हणून ओरडायचा. ते बहुतेक वेळा चुकीच्या क्रियापदाला लागायचं.

मास्तरांची एकच तक्रार होती. "चूक म्हणे 'मेक' करतात. चूक काय शिवायची वस्तू आहे?"

"तुम्ही कापून करता," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मला मग शिवावी लागते."

ठरल्या दिवशी फोन आला. मास्तरांनी तो स्पीकरवर लावून दोघांच्या मधे, सुताच्या रिळांवर टेकवून ठेवला. मॅडम बोलत ते मास्तरांना अर्धंच कळे आणि बाईंनाही अर्धंच कळे. पण दोघांना वेगवेगळं अर्धं कळत असल्यामुळे फारसं काही निसटत नव्हतं. कोट वेळेवर मिळेल ना, असं मॅडमनी विचारलं.

"वी मीट..." मास्तर.

"डेडलाइन!" बाई.

कापडात फसवाफसवी नको, असं काहीतरी मॅडम म्हणाल्या.

"वी कीप..."

"प्रॉमिस!"

"वी पे..."

"अटेन्शन!"

पलीकडून कौतुकाचा हुंकार आला. मास्तरांना चढलं. माणूस परक्या भाषेत पहिल्यांदा यशस्वी होतो तेव्हा त्याला थांबायचं सुचत नाही. काही विचारलेलं नसताना ते छाती फुगवून म्हणाले, "वी गिव्ह...", आणि मनात त्यांच्या होतं 'गॅरंटी'.

"डिस्काउंट!" बाई म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, की हे तर फारच छान आहे, आणि पुढच्या गुरुवारी नमुना घेऊन या. फोन बंद झाला.

"डिस्काउंट कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच गिव्ह म्हणालात. गिव्हच्या ओळीत पहिलं तेच आहे."

"पहिलं आहे म्हणून ते द्यायचं?"

"मग दुसरं हवं होतं तर खूण करायची. मला काय तुमच्या पोटातलं दिसतं? तुमचं काय, तोंड उघडून एक शब्द टाकला की झालं. पुढे निस्तरायचं मी."

"नामांत काय कठीण असतं गं? वस्तूंची नावं नुसती!"

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी बोलायला नको होतं. बाईंनी मशिनाचा पाय खाली टाकला आणि त्या दिवसापुरतं बोलणं संपवलं. तरी हे भांडण इतपतच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोट कापला.

कोट सुरेख कापला होता, यात वाद नव्हता. वेटरांचा गणवेश म्हणजे पोत्यासारखा असतो; हा तसा नव्हता. खांदा बसका, बाही निमुळती, कंबरेत अंगाला धरून. बाईंनी तुकडे हातात घेतले, बाही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "मुंढा तंग आहे."

मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ती जागा. मास्तरांच्या लेखी ती त्यांच्या अब्रूची जागा होती.

"तंग नाही. ऐटीत आहे."

"वेटरला ऐटीत उभं राहायचं नसतं, ट्रे उचलायचा असतो. हात वर गेला की काखेत फाटेल. छोटी कळी घाला तिथं, चार बोटं कापडाची. कुणाला दिसणार पण नाही."

"कोटाला कळी?" मास्तरांनी कात्री खाली ठेवली. ती ते फक्त गंभीर प्रसंगी खाली ठेवत. "कळी आजोबांच्या बंडीला असते. कापणं माझं काम आहे. मी तुला कधी सांगितलंय का टाका कसा घालायचा?"

"नाही सांगितलं."

"मग!"

"बरं," बाई म्हणाल्या.

जाणकारांना ठाऊक असतं, की लग्नात 'बरं' याहून भयंकर शब्द नाही. बाईंनी कोट जसा कापला होता तसाच, एका दोऱ्याचाही बदल न करता शिवला, आणि दोघांमध्ये अबोला सुरू झाला.

आता इतर जोडप्यांचा अबोला म्हणजे दोन माणसांचं न बोलणं. इथं त्याबरोबर एक आख्खी भाषा बंद पडली. मास्तर सवयीनं "टेक!" म्हणायचे आणि पलीकडून नुसता मशिनाचा आवाज यायचा. सायकलवाल्यानं दोनदा माणुसकी म्हणून "अटेन्शन!" दिलं, पण ते टेकला लागेना.

घरात सूनबाईची तारांबळ उडाली. "आई, बाबा विचारतायत इस्त्री कुठंय."

"इस्त्रीच्या जागी आहे म्हणावं."

"बाबा, आई म्हणतायत..."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो."

"मग मला मधे कशाला घालता?" सूनबाई वैतागून म्हणाली. "तिसरं माणूस उभं राहिलं की माप चुकतं ना?"

गुरुवार जवळ आला तशी मास्तरांना काळजी वाटू लागली. त्यांनी एकट्यानं बोलून पाहिलं. वी टेक. वी मेक. वी गिव्ह. हँगरला अडकवलेल्या रिकाम्या बाह्यांसारखी वाक्यं नुसती लोंबत होती. शेवटी बाई भाजी आणायला गेल्या तेव्हा मास्तर हळूच त्यांच्या मशिनापाशी गेले आणि भिंतीवरचा उजवा अर्धा वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की ही नुसती वस्तूंची नावं नव्हती. डिसिजन, प्रॉमिस, मिस्टेक, रिस्पॉन्सिबिलिटी. यातली एकही वस्तू दुकानात दाखवता येण्यासारखी नव्हती आणि सगळ्याच वजनाला भारी होत्या. दारात पाऊल वाजलं तसे ते लगबगीनं टेबलाकडे परतले आणि उगाच खडूला टोक काढू लागले.

तेव्हाच त्यांना आपल्या अर्ध्या तक्त्यावर, कोपऱ्यात, अंगठ्याचा तेलकट ठसा दिसला. मशिनाच्या तेलाचा. मास्तर मशिनाच्या तेलाला कधी हात लावत नसत. मांजर असेल, असं त्यांनी ठरवलं. मांजराला अंगठा नसतो, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सूनबाईचा वर्ग होता, परीक्षेचा. बुडवता येण्यासारखा नव्हता. निघताना तिनं दोघांकडे पाहिलं आणि हात जोडले. "निदान इंग्रजीत तरी बोला एकमेकांशी."

बसमध्ये मास्तर पुढे बसले, कोटाची पिशवी मांडीवर घेऊन. बाई त्यांच्यामागे तीन बाकं सोडून बसल्या. कंडक्टर आला.

"दोन द्या," मास्तर म्हणाले. "एक मागच्या बाईंचं."

कंडक्टरनं मागे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "कोण लागतात आपल्या?"

"ओळखीच्या आहेत," मास्तर म्हणाले.

हॉटेल अजून उघडलं नव्हतं. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक निघायचं होतं आणि सगळीकडे ओल्या रंगाचा वास होता. मॅडम एका लांब टेबलामागे बसल्या होत्या. शेजारी वेटरांचा कॅप्टन उभा होता. दारातून तिरकं होऊन आत यावं लागेल असा रुंद माणूस. मॅडमनी हसून दोघांना बसायला सांगितलं आणि एकदम कामाचं विचारलं. एवढं सगळं शिवायला तुमच्याकडे माणसं आहेत का? चुकलं-माकलं तर कुणी बघायचं?

मास्तरांना यातलं 'बघायचं' कळलं. त्यांनी घसा साफ केला.

"वी टेक..."

आणि ते थांबले. शेजारून रिस्पॉन्सिबिलिटी यायला हवी होती. आली नाही. बाई टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे अशा बघत होत्या, की जणू त्यांची मापं घ्यायची आहेत.

"वी टेक," मास्तर जरा मोठ्यानं म्हणाले.

मॅडम पुढे झुकल्या. कॅप्टनही पुढे झुकला. हे लोक काय घेऊन जाणार आहेत, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागली होती आणि त्यानं टेबलावरचा चांदीचा ट्रे हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

मास्तरांना तो उजवा अर्धा तक्ता डोळ्यांसमोर दिसत होता. पण कुठलं नाम कुठल्या ओळीतलं, ते काही केल्या आठवेना. त्यांनी घाम पुसला आणि बोलण्याऐवजी पिशवीतून कोट काढला.

कोटानं बाजी सावरली. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी कॅप्टनला तो घालायला लावला. कोट त्याच्या मापाचा नव्हता असं नाही. त्याची मापं हॉटेलनं आधीच कळवली होती. तो त्याच्या अंगावर असा बसला, की तो माणूस एकदम लग्नात उभा असल्यासारखा दिसायला लागला. त्यानं आरशात पाहिलं, पोट आत घेतलं, पुन्हा पाहिलं. मास्तरांनी तिरक्या नजरेनं बाईंकडे बघितलं. बघ, म्हणावं, ऐट.

मग मॅडमनी कॅप्टनला ट्रे उचलायला सांगितला.

कॅप्टननं ट्रे तळहातावर घेतला आणि ऐटीतच, खांद्याच्या वर नेला. 'चर्र' असा आवाज झाला. मोठा नव्हता. पण रिकाम्या हॉटेलात आवाज घुमतो. उजव्या काखेत टाके उसवून आतला पांढरा सदरा डोकावू लागला.

कॅप्टन ट्रे तसाच वर धरून पुतळ्यासारखा उभा राहिला, कारण हात खाली घेतला तर आणखी काय होईल याची त्याला खात्री नव्हती. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मास्तरांना त्या काखेतून सगळं दिसलं. मॉलचं काउंटर दिसलं, उंची कमी करायच्या पँटांचा ढीग दिसला, आणि घरी आराम करणाऱ्या बाई दिसल्या. तो तिसरा देखावा सगळ्यात वाईट होता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मॅडमकडे नाही, बाईंकडे.

"आय..." ते म्हणाले. "आय मेक..."

मेकच्या ओळीत काय काय आहे, हे आता त्यांना लख्ख आठवत होतं. त्यातला कुठला शब्द येणार, तेही माहीत होतं. तो यायलाच हवा होता. इतकी वर्षं बाई ज्या शब्दाची वाट बघत होत्या, तो आज चारचौघांत, परक्या मॅडमसमोर त्यांना उच्चारता येणार होता. मास्तरांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

"चेंजेस," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली.

"वी मेक चेंजेस," बाई मॅडमना म्हणाल्या. ठणठणीत. क्रियापदासकट.

मग त्यांनी पर्स उघडली. आत रुमालात गुंडाळलेले कोटाच्याच कापडाचे दोन छोटे तुकडे होते आणि दोरा ओवून ठेवलेली सुई होती. दोन कळ्या. मास्तरांनी त्यांच्या कडा पाहिल्या. कडा वेड्यावाकड्या होत्या. कात्री कधी हातात न धरलेल्या माणसानं, कुणी नसताना, घाईनं कापल्यासारख्या. त्या क्षणी मास्तरांना तेलकट अंगठ्याचा उलगडा झाला आणि मांजर निर्दोष सुटलं.

"असं कापतात का?" ते पुटपुटले. हे त्या अबोल्यातलं पहिलं मराठी वाक्य होतं.

"मग द्या कापून नीट," बाई पुटपुटल्या.

मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढून कडा सरळ केल्या. बाईंनी कॅप्टनच्या अंगावरून कोट उतरवला. हात खाली घ्यायची परवानगी मिळाल्यावर कॅप्टननं सुटकेचा श्वास टाकला. मॅडम खुर्ची ओढून जवळ येऊन बसल्या आणि बघत राहिल्या. मास्तर कापड ताणून धरत होते आणि बाई टाके घालत होत्या. एक कळी लावून झाली तेव्हा बाईंनी दोरा तोंडाकडे नेला. पण दात लागायच्या आधीच मास्तरांची कात्री पुढे आली. कच्-कन् टोक कापलं गेलं. बाईंनी क्षणभर कात्रीकडे पाहिलं आणि दुसरी कळी घेतली.

कॅप्टननं कोट पुन्हा घातला. ट्रे उचलला, वर नेला, आणखी वर नेला. मग त्याला हुरूप आला आणि तो ट्रे घेऊन खुर्च्यांमधून एक फेरी मारून आला. येताना तो किंचित नाचत होता, असं मास्तरीणबाईंनी नंतर सूनबाईला शपथेवर सांगितलं.

मॅडम बराच वेळ बोलल्या. दोघांनी आपापलं अर्धं अर्धं जोडून जो अर्थ लावला तो असा: याआधी तीन दुकानं येऊन गेली, तिघांनीही आपल्याकडून कधी काही बिघडत नाही असं फार सुंदर इंग्रजीत सांगितलं. बिघडल्यावर काय होतं, ते आज पहिल्यांदाच बघायला मिळालं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, की कामाचं बोलायचं ते कुणाशी? तुमच्यात मुख्य कोण?

हा प्रश्न मात्र दोघांनाही पुरता कळला. पाटीवर कुणाचं नाव होतं, ते सांगितलंच आहे. मास्तरांनी तोंड उघडलं.

"वी टेक..." ते म्हणाले आणि बाईंकडे बघून थांबले.

बाईंनी त्यांना जरा ताटकळत ठेवलं. तेवढा त्यांचा हक्क होता.

"टर्न्स," त्या म्हणाल्या.

म्हणजे आळीपाळीनं. हे तोपर्यंत कधीच खरं नव्हतं. पण मॅडमनी ते लिहून घेतलं, आणि लिहून घेतल्यावर माणसाला तसं वागावं लागतं.

परतीच्या बसला तोच कंडक्टर होता. दोघं एका बाकावर पाहून त्यानं भुवया उंचावल्या. "ओळख वाढली वाटतं?"

"घरच्या आहेत," मास्तर म्हणाले.

"आता आठवलं का?" बाई म्हणाल्या. "माझं तिकीट मी काढते हो. आज माझी पाळी."

त्यानंतर दुकानातल्या चादरी निघाल्या. जुने कारागीर निरोप मिळताच परत आले आणि चारही मशिनं खडखडू लागली. मांजरानं निषेध म्हणून एक दिवस उपास केला आणि मग ते कापडाच्या ताग्यांवर राहायला गेलं. मुलानं मॉलचा विषय पुन्हा काढला नाही. उलट मित्रांना तो सांगू लागला, की आईबाबांनी धंदा चालू ठेवावा असं माझं पहिल्यापासून मत होतं. सूनबाईनं नवा, अखंड तक्ता केला आणि तो कडक प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणला. "आता कापून दाखवा," ती म्हणाली. मास्तरांनी कात्री लावून पाहिली. नुसता ओरखडा उठला. पण तो तक्ता भिंतीवरच राहिला. कारण दुकानात दोघंही आता कुठल्याही बाजूनं वाक्य सुरू करायला लागले होते, आणि कोण पुरं करील याचा नेम नव्हता.

कामाच्या अगदी ऐन गर्दीत एके सकाळी बाईंनी टेबलावरून आलेला गठ्ठा सोडला, एका कोटाच्या दोन बाह्या हातात घेतल्या आणि त्या उजेडासमोर धरल्या. मग त्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग उलट करून ठेवल्या. काही केल्या त्या दोन्ही डाव्याच निघाल्या.

बाईंनी मशीन थांबवलं. दोन्ही डाव्या बाह्या नुसत्या वर धरून बसल्या. ते पाहून पहिल्या कारागिरानं मशीन थांबवलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. रस्त्यापलीकडे सायकलवाल्यानंही हवा भरायचं थांबवलं.

मास्तरांनी बाह्यांकडे पाहिलं. खडूकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. कुठूनही मदत येईना.

"आय मेक..." ते म्हणाले आणि आशेनं बाईंकडे वळले.

बाई या वेळी चेंजेस म्हणाल्या नाहीत. त्यांनी भुवयांनीच, अगदी प्रेमानं, पुढे चला अशी खूण केली.

"मिस्टेक," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?" बाईंनी कानामागे हात नेला. "मोठ्यानं बोला. मशिनांच्या आवाजात ऐकू नाही आलं."

मास्तरांनी चारही बंद मशिनांवरून नजर फिरवली, हसू दाबणाऱ्या कारागिरांकडे बघितलं, आणि मग बाईंच्या डोळ्यांकडे बघितलं. तिथं मात्र हसू दाबलेलं नव्हतं.

"मिस्टेक!" ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले आणि उजवी बाही कापायला कापड ओढलं.

समोरून सायकलवाल्यानं टाळी वाजवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला एक आख्खी जोडी, दोन्ही शब्दांसकट, एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली होती.